पायाखालची खूण

मागच्या खेपेला आपण घर्षणाबद्दल गप्पा मारल्या होत्या. मल्लखांबाला एरंडेल तेल चोळतात ते घर्षण कमी व्हावं म्हणून, हे वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नवल वाटलं. पत्रंही भरपूर आली. त्यातलं एक पत्र मी बाजूला काढून ठेवलं होतं. सातवीतल्या एका मैत्रिणीनं लिहिलंय, ‘टीव्हीवर मी लाटांवर उभं राहायचा खेळ पाहिला. प्रत्येकाच्या फळीवर मागच्या टोकाला एक खरखरीत चटई चिकटवलेली होती. ती पाय घसरू नये म्हणून असेल, तर सगळ्या फळीवर का नाही? पुढचा पाय घसरत नाही का?’

शाब्बास! प्रश्न असा हवा. बघणारे लाखो, पण ‘मागेच का?’ असं विचारणारी एखादीच.

या खेळाचं नाव सर्फिंग, त्या फळीचं नाव सर्फबोर्ड आणि त्या चटईला म्हणतात ट्रॅक्शन पॅड. आता गंमत अशी, की या पॅडबद्दल मला जे काही कळलं, ते पुस्तकातून नाही. एका चुकीमुळे कळलं. आणि ती चूक दुसऱ्या कुणाची नव्हे, माझीच! तेव्हा आज थोडं विज्ञान, थोडी माझी फजिती.

आधी फळीची ओळख

सर्फबोर्ड वरून साधा दिसतो. पुढचं टोक म्हणजे नाक, मागचं टोक म्हणजे शेपूट, दोन बाजूंना दोन कडा. पण तो उलटा करून पाहा. शेपटाकडच्या भागात पोटाला माशाच्या परासारखी पाती बसवलेली दिसतील. त्यांना फिन म्हणतात. फिन नसली तर फळी पाण्यावर साबणाच्या वडीसारखी आडवीतिडवी सरकते. १९३५ मध्ये टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरनं एका मोटरबोटीच्या तळाचं पातं काढून आपल्या फळीच्या पोटाला बसवलं आणि फळीला सरळ जायची शिस्त लागली. पुढे १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसननं तीन फिनची फळी बनवली. दोन फिन कडांजवळ आणि एक मागे मध्यावर. १९८१ मध्ये त्यानं ही फळी घेऊन मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि मग जगभर तीन फिनची पद्धतच पडली.

आता वरच्या बाजूचं बघू. फळी गुळगुळीत असते, पाय ओले असतात. ओल्या पायांनी शहाबादी फरशीवर पळून पाहिलंय कधी? (पाहिलं नसेल तर पाहू नका!) पाय आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर बसतो आणि तोच आपल्याला पाडतो. सर्फर यावर उपाय म्हणून फळीला मेण चोळतात. मेणबत्तीचं मेण गुळगुळीत असतं, मग त्यानं पाय घसरणार नाही का? पण हे मेण चोपडून सपाट करायचं नसतं. ते गोल गोल घासत गेलं, की त्याचे बारीक बारीक खडे फळीवर उभे राहतात आणि त्यांत तळवा रुततो. ही युक्तीही १९३५ सालचीच. कॅलिफोर्नियातल्या आल्फ्रेड गॅलंट नावाच्या तरुणाला ती आपल्या घरातल्या मेण लावलेल्या लाकडी जमिनीवरून सुचली असं सांगतात.

मग १९७० च्या दशकात हर्बी फ्लेचर या कॅलिफोर्नियातल्या सर्फरनं फळीवर चिकटवायचे पॅड लोकप्रिय केले. हल्लीचे पॅड ईव्हीए नावाच्या फोमचे असतात. घाबरू नका, हा फोम तुमच्या ओळखीचा आहे. हलक्या चपलांचे तळ याच फोमचे असतात. पॅडवर बारीक खाचा असतात. सायकलच्या टायरवरच्या नक्षीतून जसं पाणी बाहेर निसटतं, तसं या खाचांतून पायाखालचं पाणी निघून जातं आणि तळव्याला कोरडी पकड मिळते.

पण पॅडचं खरं काम पुढेच आहे. पॅडवर नीट हात फिरवलात तर दोन उंचवटे लागतील. एक पॅडच्या मधोमध, उभा, नाकाच्या दिशेनं जाणारा. हा तळव्याच्या कमानीखाली बसतो. दुसरा अगदी मागे, आडवा, छोट्या भिंतीसारखा. पाय मागे निसटायला लागला तर ही भिंत त्याला अडवते. म्हणजे पॅड नुसता खरखरीत नसतो, तो पायाला सांगत असतो, ‘बाबा रे, तुझी जागा ही!’

हे ‘सांगणं’ किती महत्त्वाचं आहे, ते मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

माझी फजिती

माझी बहीण उत्तर गोव्यात, मांद्र्याला राहते. तिचा मुलगा नववीत आहे. दोन वर्षं तो तिथल्याच एका दादाकडे सर्फिंग शिकतोय. हा दादा रापणकाराच्या घरातला. लहानपणापासून समुद्रात वाढलेला. सुरुवातीला सगळे शिकतात तसा माझा भाचाही मऊ फोमच्या मोठ्या फळीवर शिकला. त्या फळीवर पॅड लागत नाही, तिची पाठच खरखरीत असते. पण आता त्याला स्वतःची फळी हवी होती. वाढदिवसाचे, दिवाळीचे, आजीनं दिलेले असे सगळे पैसे दोन वर्षं साठवून त्यानं एक सात फुटी, तीन फिनची, जुनी फळी विकत घेतली. मागच्या मालकानं पॅड काढून टाकलेला होता. म्हणून मी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी पोचलो, तो नवा पॅड घेऊनच.

भाचा म्हणाला, “मामा, दादाला विचारून लावू या. तो उद्या संध्याकाळी मोकळा आहे.”

मी म्हणालो, “अरे, त्यात काय विचारायचंय? आपण वह्यांना लेबलं चिकटवत नाही का?”

झालं. रात्रीच्या दिव्यात, नजरेच्या अंदाजानं, मी तो पॅड दाबून चिकटवला. बऱ्याच फळ्यांमध्ये मध्यावरून नाकापासून शेपटापर्यंत लाकडाची बारीक पट्टी असते, तिला स्ट्रिंगर म्हणतात. ती दिसली की मध्य आपोआप कळतो. या फळीत ती पट्टी नव्हती. वरून सगळा निळा रंग. पण माझ्या नजरेवर माझा केवढा विश्वास!

दोन दिवसांनी भाचा नव्या फळीवर गेला आणि पडला. पहिल्या दिवशी कोण पडत नाही? दुसऱ्या दिवशी पडला. तिसऱ्या दिवशीही पडला. दादा त्या आठवड्यात नवख्या मुलांच्या वर्गात अडकला होता. लांबून लक्ष ठेवून होता, पण शेजारी उभा नव्हता. मी किनाऱ्यावरून ‘जमेल रे, जमेल!’ असं ओरडत होतो. जुन्या फळीवर झोकात उभा राहणारा मुलगा, आता उठला की दोन क्षणांत पाण्यात!

आठव्या दिवशी तो बाहेर आला, फळी वाळूत ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “मामा, ही विकून टाकू या. मला नाही जमत. मी तेवढा चांगला नाहीये.”

मित्रांनो, मला काय बोलावं तेच सुचेना. दोन वर्षं साठवलेले पैसे गेले तर पुन्हा साठतील. पण ‘मी तेवढा चांगला नाही’ हे वाक्य एकदा मनात शिरलं की ते बाहेर काढायला किती वर्षं लागतील?

तेवढ्यात दादा आला. त्यानं भाच्याला एकच प्रश्न विचारला, “पडतोस कुठल्या बाजूला?”

भाचा विचार करून म्हणाला, “उजवीकडे.”

“नेहमी?”

“हो. नेहमीच.”

दादा हसला. म्हणाला, “शिकणारा माणूस कधी इकडे पडतो, कधी तिकडे पडतो. नेहमी एकाच बाजूला पडतोय, म्हणजे दोष तुझ्यात नाही. काहीतरी तुला ढकलतंय. ते शोधू या.”

त्यानं फळी पालथी केली, फिन बघितल्या, त्या घट्ट होत्या. मग फळी सुलटी केली आणि कुठूनशी जाळ्याची बारीक दोरी आणली. फळीची रुंदी तीन ठिकाणी टेपनं मोजली, निम्मी केली, पेन्सिलीनं तीन ठिपके काढले. नाकाच्या टोकापासून ते तीन ठिपके जोडत शेपटापर्यंत दोरी ताणून धरली. हीच फळीची मध्यरेषा. आणि काय सांगू! दोरी पॅडच्या मधल्या उंचवट्यावरून जायला हवी होती, ती त्याच्या डावीकडून, चांगली दोन बोटं अंतरावरून जात होती. म्हणजे आख्खा पॅड उजवीकडे सरकलेला होता.

आता हिशेब लावा. भाचा डावा पाय पुढे ठेवतो, म्हणजे त्याचा उजवा पाय मागे, पॅडवर. तेव्हा त्याचं तोंड आणि पायाची बोटं फळीच्या उजव्या कडेकडे असतात. त्याचा पाय शहाण्यासारखा उंचवटा शोधायचा आणि त्यावर कमान टेकवायचा. पण उंचवटाच उजवीकडे होता! म्हणजे दर वेळी त्याचं वजन मध्यरेषेच्या उजव्या बाजूला पडायचं, उजवी कड पाण्यात दबायची, फळी उजवीकडे वळायची आणि स्वारी तोंडावर!

पाय बिचारा खूण मानत होता. खूणच चुकलेली होती. आणि ती चुकवली होती मी.

मी भाच्याची तिथेच माफी मागितली. तो म्हणाला, “असू दे रे मामा.” पण त्याच्या चेहऱ्यावरचं आठ दिवसांचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं.

पॅड कसा लावायचा? (माझ्यासारखा नाही!)

जुना पॅड काढायला आम्हाला अख्खी दुपार लागली. बहिणीच्या हेअर ड्रायरनं गोंद ऊन करायचा आणि पॅडखालून तंगूस, म्हणजे गरीला लावतात तो नायलॉनचा दोरा, करवतीसारखा ओढत न्यायचा. निघालेला पॅड पुन्हा चिकटत नाही. नवा पॅड अर्थातच मामाच्या खिशातून. तो दादानं असा लावून घेतला:

१. फळीवरचं जुनं मेण काढलं. फळी पाच मिनिटं उन्हात ठेवली, मेण मऊ झालं, ते प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडलं. धातूची पट्टी वापरली तर फळीवर ओरखडे पडतात. मग ती जागा स्पिरिटच्या फडक्यानं पुसली. (स्पिरिट पेट घेतं. हे काम मोठ्या माणसांनी करायचं, आणि चुलीपासून लांब.) मेणाचा किंवा घामाच्या हाताचा तेलकटपणा राहिला, की गोंद पकडत नाही.

२. दोरी धरून मध्यरेषा पेन्सिलीनं आखली.

३. आता पुढे-मागे किती? फिन खालून असतात, वरून दिसत नाहीत. म्हणून शेपटाच्या टोकापासून फिनपर्यंतची अंतरं खालून मोजली आणि वर त्याच अंतरावर खुणा केल्या. तीन फिनच्या फळीवर पॅडची मागची भिंत साधारण मागच्या फिनच्या डोक्यावर येते आणि पॅडचं पुढचं तोंड पुढच्या दोन फिनच्या आसपास पोचतं. शेपटाजवळ लीशचा, म्हणजे पायाला बांधायच्या दोरीचा, खळगा असतो. त्याच्यावर पॅड येता कामा नये.

४. पाठीवरचा कागद न सोलता पॅड नुसता ठेवून पाहिला. भाचा त्यावर उभा राहिला, पाय कुठे येतो ते पाहिलं. मग पॅडच्या कडेनं पेन्सिल फिरवून त्याची आकृती फळीवर काढून घेतली.

५. हा पॅड तीन तुकड्यांचा होता. आधी मधल्या तुकड्याचा कागद सोलला. त्याची एक कड रेषेवर टेकवली आणि मधून बाहेर अशा दिशेनं हळूहळू दाबत नेला, म्हणजे आत हवेचे फुगे राहत नाहीत. मग डावा-उजवा तुकडा, दोहोंच्या फटी सारख्या ठेवून.

६. भाचा अनवाणी पायांनी त्यावर पाच मिनिटं थयथय नाचला. कडा अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबल्या, कारण पॅड सुटायला लागतो तो कडेपासून.

७. आणि शेवटची पायरी, सगळ्यांत अवघड. काहीही करायचं नाही! चोवीस तास फळी सावलीत ठेवायची. गोंद पुरता धरेपर्यंत पाण्यात न्यायची नाही. भाचा दर तासाला जाऊन तिच्याकडे बघून येत होता.

पॅड मागेच का?

आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे वळू. सर्फिंगमध्ये दोन पायांना दोन वेगळी कामं असतात. पुढच्या पायावर वजन टाकलं की फळी लाटेच्या उतारावरून वेग घेते. मागच्या पायाचं काम वळवण्याचं. होडीचं सुकाणू कुठे असतं? मागे! इथेही तसंच. फिन मागे आहेत, म्हणून त्यांच्या बरोबर डोक्यावर उभं राहून दाबलं की फळी चटकन वळते. मागचा पाय फिनच्या बराच पुढे पडला तर फळी जड बैलगाडीसारखी वळते, आणि फारच मागे गेला तर शेपूट बुडतं आणि वेग मरतो. म्हणून या पायाला ठरलेली जागा लागते, आणि वळताना बसणाऱ्या जोरात ती सुटू नये म्हणून मागची भिंतही लागते.

पुढचा पाय मात्र एका जागी खिळलेला नसतो. लाट पाहून तो थोडा पुढे, थोडा मागे सरकवावा लागतो. शिवाय लाट पकडण्याआधी सर्फर फळीवर पोटावर झोपून हातांनी वल्हवतो. तिथे खरखरीत, जाड चटई असती तर छाती सोलवटून निघाली असती. म्हणून पुढे मेण आणि मागे पॅड. (काही जण पुढेही एक पातळ, सपाट पॅड लावतात, पण बहुतेकांचं मेणावर भागतं.) आणि नऊ-दहा फुटी लांब फळ्यांवर तर बहुधा पॅडच नसतो, कारण तिथे सर्फर फळीवर चालत चालत पार नाकापर्यंत जातात!

पाय कसे ठेवायचे?

डावा पाय पुढे असला तर त्याला रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे असला तर गूफी. यातलं एक बरोबर आणि दुसरं चूक असं मुळीच नाही. उजवखुरा आणि डावखुरा असतो ना, तसंच. तुमचं कुठलं? मोजे घालून गुळगुळीत फरशीवर दोन पावलं पळा आणि सर्रकन घसरत जा. (शेजारी टेबलाचा कोपरा नाही ना, ते आधी बघा.) जो पाय आपसूक पुढे गेला, तो तुमचा पुढचा पाय.

दोन पायांत खांद्यांच्या रुंदीहून थोडं जास्त अंतर. मागचा पाय पॅडवर आडवा, कमान मधल्या उंचवट्यावर, करंगळीची बाजू मागच्या भिंतीला लागून. पुढचा पाय फळीच्या मध्याच्या आसपास, तोही आडवाच पण बोटं जराशी नाकाकडे वळलेली, आणि त्याचीही कमान मध्यरेषेवर. गुडघे वाकलेले. चवड्यांवर दाब दिला की फळी एका बाजूला वळते, टाचांवर दिला की दुसऱ्या.

आणि नजर? इथे पुन्हा आमच्या गोष्टीकडे यावं लागेल. चोवीस तास झाले, भाचा पाण्यात गेला. पहिल्याच लाटेवर उठला आणि... पडला! पण या वेळी डावीकडे. दुसऱ्यांदा मागे. किनाऱ्यावर मी कपाळाला हात लावला. दादा मात्र खूश! “बघितलंत? आता सगळीकडे पडतोय. आता शिकेल!” मग तो कमरेएवढ्या पाण्यात जाऊन ओरडला, “मुखार पळय!” कोकणीत याचा अर्थ, समोर बघ. आठ दिवस पडून पडून भाच्याला धास्ती बसली होती. तो उठताक्षणी मान खाली घालून पाय नीट पडला का ते बघत होता. आणि मान खाली गेली की खांदे जातात, खांदे गेले की तोल जातो.

क्रिकेटमध्ये बॅट्समन खेळायला आला की काय करतो? अंपायरला विचारून ‘मिडल स्टंप’ घेतो, क्रीझवर रेघ मारतो. का? एकदा खूण झाली, की मग पाय कुठे आहेत ते बघायची गरज नाही. दोन्ही डोळे बोलरसाठी मोकळे! पॅडचंही तेच आहे. डोळ्यांना लाटेकडे बघता यावं म्हणून ही खूण पायाला दिलेली असते. तळवा चाचपून सांगतो, ‘पोचलो जागेवर.’ डोळ्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवायचा आणि समोर बघायचं.

सातव्या का आठव्या लाटेवर भाचा उठला. मान वर, नजर किनाऱ्याकडे. आणि थेट आमच्यापर्यंत आला! फार मोठी लाट नव्हती, जेमतेम कमरेएवढी. पण फळी विकायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

घरी करून पाहा

समुद्र जवळ नाही? हरकत नाही. जमिनीवर खडूनं दोन मीटर लांब सरळ रेघ काढा. हीच तुमच्या फळीची मध्यरेषा. रेघ झाकली जाणार नाही असं बघून तिच्यावर पालथे झोपा, तळहात छातीच्या बरगड्यांपाशी टेकवा आणि एका झटक्यात उठून उभे राहा. पाय रेषेवर आडवे, कमान रेषेवर. नजर समोरच्या भिंतीवर, खाली बघायचं नाही! ताई किंवा दादाला सांगा, मागच्या पायाची कमान जिथे पडली तिथे खडूनं ठिपका काढायला. असं दहा वेळा करा आणि मग ठिपके बघा.

काही ठिपके रेषेच्या डावीकडे, काही उजवीकडे असतील, तर ते सरावानं जवळ येत जातील. पण दहाच्या दहा एकाच बाजूला असतील, तर थांबा. काहीतरी तुम्हाला ढकलतंय. झोपतानाच वाकडे झोपलात का? एक हात दुसऱ्यापेक्षा पुढे आहे का? कारण सापडलं की पुन्हा दहा वेळा करा आणि मला ठिपक्यांचा नकाशा पाठवा. शास्त्रज्ञसुद्धा मोजमापातल्या चुकांचे असेच दोन प्रकार करतात. विखुरलेली चूक पुन्हा पुन्हा मोजून कमी होते, एका बाजूला झुकलेली चूक नुसत्या मेहनतीनं जात नाही. तिचं कारणच शोधावं लागतं.

आणि आईबाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मूल ‘मला जमत नाही’ म्हणालं, की आपण ‘अजून मेहनत कर’ म्हणतो. मीही किनाऱ्यावरून तेच ओरडत होतो. पण त्याआधी एकदा दोरी धरून बघावी. बॅट वजनाला जड तर नाही? सायकलची सीट उंच तर नाही? गणित येत नाही म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलाला फळ्यावरचे आकडे नीट दिसतात ना? कधी कधी खूण चुकलेली असते, आणि ती आपणच चिकटवलेली असते.

समुद्राचे नियम

हे वाचून कुणी पाटाला चटई चिकटवून समुद्रावर पळेल, म्हणून सांगून ठेवतो. सर्फिंग शिकवणाऱ्याशिवाय करायचं नाही. पोहता यायलाच हवं. पावसाळ्यात आपला समुद्र खवळलेला असतो, तेव्हा त्याच्या वाटेला जायचं नाही. लाल झेंडा दिसला की आत पाऊल टाकायचं नाही आणि जीवरक्षकांचा शब्द शेवटचा. पडल्यावर वर येताना डोकं हातांनी झाका, कारण लीशनं बांधलेली फळी ताणून उलट तुमच्याच अंगावर येऊ शकते. पाण्यातले उबदार पोशाख बनवणारे जॅक ओनील १९७१ मध्ये अशाच एका झटक्यात डावा डोळा गमावून बसले. ही लीश त्यांच्या मुलानंच शोधून काढलेली होती. तेव्हाची दोरी रबरासारखी फार ताणली जायची, आता ती तेवढी ताणली जात नाही. तरी सावध असलेलं बरं.

हा खेळ आपल्याकडे नवा असला तरी आता परका राहिलेला नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, सर्फिंगला पहिल्यांदा जागा मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या महाबलीपुरमला आशियाई स्पर्धा झाली, तिथे आपल्या रमेश बुदिहालनं कांस्यपदक मिळवलं. टीव्हीवर पुढची स्पर्धा बघाल तेव्हा सर्फरच्या चेहऱ्याकडे नंतर बघा. आधी त्याच्या मागच्या पायाकडे बघा. तो जागेवर असेल, आणि त्याची नजर पायाकडे मुळीच नसेल.

तो वाकडा पॅड मी गोव्याहून घेऊन आलोय. माझ्या लिहायच्या टेबलावर असतो. परवा एका मुलाला ‘तुला इतकी साधी गोष्ट जमत नाही?’ असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पॅडकडे लक्ष गेलं आणि आधी विचारलं, “पडतोस कुठल्या बाजूला?”

तर मग, खडू घ्या, रेघ काढा. ठिपक्यांच्या नकाशांची वाट पाहतोय. पुढच्या वेळी एका मित्राच्या प्रश्नावर बोलू. भोवरा फिरताना उभा राहतो आणि थांबला की आडवा का होतो? तोवर विचार करून ठेवा!

तुमचा,
खेळमामा